मानेचा फोटो: काढण्याआधी, काढताना आणि हाती आल्यावर

इंदूरमध्ये मान दुखू लागली की माणूस ‘मला सर्वायकल झाले आहे’ असे सांगतो. हिंदीतून आपल्या बोलण्यात आलेला हा शब्द खरे तर आजाराचे नाव नाही. सर्व्हायकल म्हणजे मानेचा, एवढाच त्याचा अर्थ. पण रामबागेत काय किंवा सुदामानगरात काय, चक्कर येणे, डोके जड होणे, हाताला मुंग्या येणे, खांदा आखडणे हे सगळे त्या एका शब्दात बसवले जाते आणि पुढची पायरी म्हणून फोटो काढून आणायला सांगितले जाते. मी तीस वर्षे क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ म्हणून काम केले. त्या काळात मानेचे फोटो इतके काढले की त्यांची मोजदाद नाही, आणि फोटो हातात घेऊन घाबरून उभी राहिलेली माणसेही तितकीच पाहिली. ज्यांना मानेचा एक्स-रे किंवा एमआरआय पहिल्यांदाच सांगितला गेला आहे, किंवा ज्यांच्या अहवालात ‘मानेचा बाक सरळ झाला आहे’ असे लिहून आले आहे, त्यांनी पुढे कसे जावे हे या लेखात पायरीपायरीने सांगितले आहे.

आधी मानेची रचना

मानेत सात मणके असतात आणि त्यांच्यामधून मज्जातंतूंच्या आठ जोड्या बाहेर पडतात. कागदपत्रांत मणक्यांना सी-१ ते सी-७ आणि तंतूंना सी-१ ते सी-८ असे म्हणतात. साडेचार-पाच किलो वजनाचे डोके या सात मणक्यांवर तोललेले असते. बाजूने पाहिल्यास ही रांग सरळ काठीसारखी नसते. ती पुढच्या बाजूला किंचित फुगलेली असते आणि त्या बाकाला अहवालात लॉर्डोसिस म्हणतात. मणक्यांच्या पुढच्या जाड भागांमागे हाडांची एक नळी तयार होते आणि तिच्यातून मेंदूकडून निघालेला मज्जारज्जू खाली जातो. प्रौढ माणसात या नळीची पुढून मागे जागा साधारण १७ मिलिमीटर असते. ती १३ मिलिमीटरपेक्षा कमी झाली तर नळी अरुंद समजतात, आणि १० मिलिमीटरच्याही खाली गेली तर मज्जारज्जू दाबला जाण्याची भीती बरीच वाढते.

येथेच एक भेद मनात पक्का करून घ्यावा, कारण पुढची प्रत्येक पायरी त्याच्यावर उभी आहे. मणक्यांच्या रांगेचा बाक ही एक गोष्ट आहे आणि मज्जारज्जूला व तंतूंना मिळणारी जागा ही दुसरी. बाक साध्या एक्स-रेवर लगेच दिसतो, म्हणून त्याची चर्चा अधिक होते. मज्जासंस्थेचे आरोग्य मात्र मुख्यतः जागेवर अवलंबून असते.

पायरी पहिली: फोटोआधी हातापायांची चौकशी

फोटो काढण्याआधी शरीर काय सांगते आहे ते नीट टिपून ठेवावे. मानेतून निघणारा एखादाच तंतू दाबला गेला असेल तर त्रास बहुतेक एका हातात आणि ठरावीक वाटेने उतरतो. सी-६ तंतूचा त्रास अंगठ्याकडे जातो, सी-७ चा मधल्या बोटाकडे आणि सी-८ चा करंगळीकडे. म्हणून डॉक्टरांना ‘हात दुखतो’ एवढेच न सांगता कोणत्या बोटात मुंग्या येतात, मान कोणत्या बाजूला वळवल्यावर त्या वाढतात आणि हात डोक्यावर ठेवल्याने बरे वाटते का, हे सांगावे. या उत्तरांवरून अनुभवी डॉक्टर फोटो पाहण्याआधीच कोणत्या मणक्याकडे पाहायचे ते ठरवतात. अशा त्रासात बहुतेक रुग्णांना औषध, विश्रांती आणि व्यायाम यांनीच काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत उतार पडतो, हेही लक्षात ठेवावे.

मज्जारज्जूच दाबला जातो तेव्हा मात्र चित्र निराळे असते, आणि फसवे असते, कारण त्यात मान दुखतेच असे नाही.

माझ्या सासूबाई रोज देवापुढच्या वाती स्वतः वळत. एका श्रावणात त्यांच्या फुलवाती सैल होऊ लागल्या. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, ‘अगं, हल्ली कापूसच चांगला येत नाही.’ मग ब्लाउजचे हूक लागेनासे झाले, सुईत दोरा जाईना, आणि काही महिन्यांनी जिना उतरताना त्या भिंतीला हात लावू लागल्या. मान दुखते का, असे विचारले तर ‘थोडी आखडते’ एवढेच उत्तर. मानेचा एक्स-रे झाला, ‘बाक सरळ झाला आहे’ असा अहवाल आला, आणि एका डॉक्टरांनी गळ्यात पट्टा देऊन गोळ्या लिहून दिल्या. जवळजवळ वर्षभर पट्टा चालला. फोटोतला बाक सगळ्यांनी पाहिला. त्यांचे हात कोणी पाहिले नाहीत, आणि त्या ‘कोणी’मध्ये क्ष-किरण विभागात काम करणारी मीही होते. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली तेव्हा पाय जोरात उडाला, आणि त्यांनी त्याच दिवशी एमआरआय सांगितला. सी-५ आणि सी-६ च्या पातळीवर मज्जारज्जू दाबला गेला होता.

या आजाराला सर्व्हायकल मायलोपॅथी म्हणतात. परदेशांतल्या अभ्यासांतही पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ गेल्याचे दिसले आहे, म्हणजे अशी चूक केवळ आपल्याकडे होते असे नाही. बोटांची नाजूक कामे बिघडणे, अक्षर बदलणे, हातातून वस्तू सुटणे, चालताना तोल जाणे किंवा पाय जड व ताठ वाटणे, लघवीची घाई होणे, मान खाली घातल्यावर पाठीतून विजेचा झटका गेल्यासारखे वाटणे, यांपैकी काही आढळले तर मान दुखत नसली तरी तपासणी लांबणीवर टाकू नये. घरच्या घरी एक साधी चाचणी करता येते: तळहात खाली करून मूठ पूर्ण मिटायची आणि बोटे पूर्ण उघडायची, असे दहा सेकंदांत किती वेळा होते ते मोजायचे. निरोगी प्रौढाचे हे वीस किंवा त्याहून अधिक वेळा होते. आकडा बराच कमी आला, किंवा करताना बोटे अडखळली, तर तो आकडा डॉक्टरांना सांगावा. सांधेदुखीनेही तो कमी येऊ शकतो, त्यामुळे निदान आपण करू नये, पण नोंद जरूर न्यावी.

काही खुणा निराळ्या आहेत आणि त्यांच्यासाठी वाट पाहायची नाही. ताप, वजन उतरणे, रात्री झोपमोड करणारे दुखणे किंवा पूर्वी झालेला कर्करोग असेल तर मणक्यात जंतुसंसर्ग किंवा गाठ नाही ना, हे आधी पाहावे लागते. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग दुर्मीळ नाही. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, हातपाय झपाट्याने कमजोर होणे आणि पडल्यानंतर किंवा अपघातानंतर मान दुखणे यांसाठी थेट तातडीचा विभाग गाठावा.

आणखी एक गोष्ट इंदूरच्या वाचकांसाठी मुद्दाम सांगते. नुसती चक्कर येते म्हणून मानेचा फोटो काढायला आलेले रुग्ण मी रोज पाहिले. कुशीवर वळताना किंवा उशीवरून उठताना काही सेकंद सारे फिरत असेल, तर बहुतेक वेळा कारण आतल्या कानात असते आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ डोक्याच्या ठरावीक हालचाली करवून ते बरे करतात. तसेच दोन्ही पायांना आणि हातांना सारख्याच मुंग्या येत असतील तर मधुमेह आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आधी तपासावी. आपल्याकडे शाकाहारी घरे बरीच असल्यामुळे बी-१२ कमी निघणे नवलाचे नाही, आणि ती कमतरता दीर्घकाळ राहिली तर ती स्वतःच मज्जारज्जूला इजा करते. रक्ताच्या साध्या तपासणीने जे कळते, ते मानेच्या फोटोत शोधून सापडत नाही.

पायरी दुसरी: कोणती तपासणी कशासाठी

गेल्या काही दिवसांपासून मान आखडली आहे, पण वरच्यापैकी कोणतीही खूण नाही, अशा माणसाला बहुतेक वेळा कोणत्याच फोटोची गरज नसते. पाच-सहा आठवडे उपचार करून पाहावेत आणि फरक पडला नाही तर पुढचा विचार करावा.

एक्स-रेमध्ये हाडे दिसतात: मणक्यांची रांग, बाक, दोन मणक्यांमधली उंची, वाढलेली हाडे, मोडलेला किंवा सरकलेला मणका. मज्जारज्जू, तंतू आणि दोन मणक्यांमधल्या गाद्या, म्हणजे डिस्क, त्यात दिसत नाहीत. गादीची कल्पना केवळ मणक्यांमधल्या अंतरावरून करतात. म्हणून ‘एक्स-रेमध्ये नस दबलेली दिसली’ असे कोणी सांगितले तर ते निष्कर्ष काढून सांगत आहेत, डोळ्यांनी पाहून नव्हे, हे समजून घ्यावे. मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन काढलेले दोन फोटो मणके हालचालीत सरकतात का हे दाखवतात. ताज्या दुखापतीनंतर ते डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय काढू देऊ नयेत. संधिवाताभ, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवात, वर्षानुवर्षे असलेल्यांत सर्वांत वरचे दोन मणके एकमेकांवर सैल होऊ शकतात. प्रौढांत पहिल्या मणक्याची पुढची कमान आणि दुसऱ्या मणक्याचा सुळका यांच्यात ३ मिलिमीटरपर्यंत अंतर चालते, त्याहून जास्त असेल तर काळजी घ्यावी लागते. अशा रुग्णाला कोणत्याही शस्त्रक्रियेसाठी भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञांना हा आजार आधी सांगणे अत्यावश्यक आहे.

सीटी स्कॅनमध्ये हाडांचा तपशील फार चांगला येतो आणि अपघातात तोच उपयोगी पडतो. अपघातानंतर फोटो कोणाला लागेल हे ठरवण्यासाठी डॉक्टर २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला कॅनडातील नियम वापरतात. वय ६५ किंवा त्याहून अधिक, अपघाताचा प्रकार धोकादायक, किंवा हातापायांत मुंग्या, यांपैकी काही असेल तर फोटो लागतोच. नसेल, आणि मान हलवून पाहणे सुरक्षित असल्याची बाकीची लक्षणे जुळत असतील, तर डॉक्टर रुग्णाला मान दोन्ही बाजूंना ४५ अंश वळवायला सांगतात, आणि ती तेवढी वळली तर फोटो लागत नाही.

मज्जारज्जू आणि तंतू प्रत्यक्ष पाहायचे असतील तर एमआरआय हाच मार्ग. त्यात किरणोत्सर्ग नसतो. मात्र एमआरआय आडवे झोपून होतो, आणि उभ्या माणसाच्या मानेचा बाक झोपलेल्या मानेत तसाच राहत नाही. म्हणून एमआरआयच्या अहवालातले बाकाविषयीचे वाक्य एका मर्यादेपर्यंतच खरे धरावे, आणि रांगेचा प्रश्न खरोखर महत्त्वाचा असेल तेव्हा उभ्याने काढलेला एक्स-रे जोडीला लागतो.

किरणोत्सर्गाची भीती अनेकांना वाटते. मानेच्या साध्या एक्स-रेत साधारण ०.२ मिलिसीव्हर्ट एवढी मात्रा मिळते. जगात माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असते, म्हणजे एक तपासणी महिनाभराच्या नैसर्गिक मात्रेएवढी झाली. सीटीत ती अनेक पटींनी जास्त असते. गरजेच्या वेळी या आकड्यांना घाबरू नये, पण दर दोन महिन्यांनी ‘बाक सुधारला का’ हे पाहण्यासाठी फोटो काढत राहणे मात्र योग्य नाही. एक्स-रे केंद्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो आणि तो आहे का, असे विचारण्यात काहीही संकोच करण्यासारखे नाही.

पायरी तिसरी: फोटोच्या खोलीत

घरून निघताना गळ्यात मंगळसूत्र, साखळी, ताईत नसला तर बरे. कानातले, केसांतले आकडे आणि खांद्याजवळची साडीची पिनही काढावी लागते. मंगळसूत्र काढायला अनेक बायकांचे मन घेत नाही हे मला ठाऊक आहे. मी त्यांना ते हातात घट्ट धरून ठेवायला सांगत असे, कारण हात फोटोत येत नाहीत. काढता येणारी कवळी काढून ठेवावी. गरोदर असल्याची शक्यता असेल तर खोलीत पाऊल टाकण्याआधी सांगावे. जुने फोटो आणि अहवाल असतील तर बरोबर न्यावेत, कारण आजच्या फोटोपेक्षा दोन वर्षांपूर्वीच्या फोटोशी केलेली तुलना कित्येकदा जास्त सांगून जाते.

बाजूने काढायच्या फोटोत रुग्णाला सरळ उभे करतात, यंत्र साधारण १८० सेंटिमीटर दूर ठेवतात आणि श्वास सोडून खांदे खाली टाकायला सांगतात. अंतर एवढे ठेवण्याचे कारण म्हणजे जवळून काढलेल्या फोटोत मणके मोठे दिसतात आणि मापे चुकतात. खांदे खाली न गेल्यास सातवा मणका त्यांच्या सावलीत लपतो. सी-७ दिसत नसेल तर तो फोटो अपुरा समजावा. जाडजूड खांद्यांच्या माणसाला म्हणूनच कधी दोन्ही हातांत वजन धरायला देतात, किंवा एक हात वर करून वेगळा फोटो घेतात.

आता हनुवटीचे सांगते, कारण या लेखातील माझा सर्वांत महत्त्वाचा अनुभव तोच आहे. एका दुपारी बँकेत काम करणाऱ्या एका तरुणाचा फोटो काढताना त्याची हनुवटी छातीकडे झुकलेली राहिली, आणि फोटो धूसरही आला, म्हणून पुन्हा काढावा लागला. दुसऱ्या वेळी मी त्याला समोरच्या भिंतीवरच्या खुणेकडे पाहायला सांगितले. दोन्ही फोटो पडद्यावर शेजारी ठेवले तेव्हा पहिल्यात मणक्यांची रांग सरळसोट होती आणि दुसऱ्यात सुरेख बाक होता. दोन्ही फोटोंमध्ये पाच मिनिटांचेही अंतर नव्हते. पहिला फोटो धूसर नसता तर त्याच्या अहवालात ‘बाक नाहीसा झाला आहे’ असे लिहिले गेले असते आणि पुढची काही वर्षे त्याने ते वाक्य मनात बाळगले असते. म्हणून फोटो काढताना डोके सहज, नजर समोर आणि हनुवटी ना वर ना खाली अशी ठेवावी. तंत्रज्ञ घाईत असला तरी ‘मी बरोबर उभा आहे ना’ असे एकदा विचारावे.

एमआरआयची तयारी वेगळी आहे. हृदयात पेसमेकर, कानात कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूत क्लिप किंवा डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलेला असेल तर ते आधी सांगितलेच पाहिजे, कारण तिथले चुंबक कधीच बंद नसते. तपासणी वीस-तीस मिनिटे चालते, आवाज मोठा असतो आणि जागा अरुंद. बंद जागेची भीती वाटत असेल तर तेही सांगावे. हातात एक फुगा देतात आणि तो दाबला की माणसे लगेच आत येतात. ही तीस मिनिटे मान अजिबात न हलवणे एवढेच रुग्णाचे काम आहे, कारण गिळताना हललेल्या मानेनेही चित्र फिसकटते.

पायरी चौथी: अहवाल वाचताना

‘लॉस ऑफ सर्व्हायकल लॉर्डोसिस’ किंवा ‘स्ट्रेटनिंग’ हे शब्द मानेच्या अहवालांत सर्रास येतात आणि वाचणाऱ्याला हादरवतात. त्यांचा अर्थ एवढाच की फोटोच्या क्षणी रांग सरळ होती. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात मान दुखणाऱ्यांची आणि न दुखणाऱ्यांची तुलना केली, तेव्हा सरळ मान दुखणाऱ्यांत जास्त आढळली नाही. बाकाचे अंशही व्यक्तीगणिक पुष्कळ बदलतात. साधारण २० ते ४० अंश असे पुस्तकांत लिहिलेले असते, पण त्याबाहेरची निरोगी माणसे भरपूर आहेत.

‘डिस्क बल्ज’, म्हणजे गादी बाहेर फुगणे, आणि ‘डिजनरेटिव्ह चेंजेस’, म्हणजे झीज, यांचेही तसेच आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या जवळपास ५०० जणांचा एमआरआय केला गेला. विशीतल्या पुरुषांच्या १७ टक्के आणि स्त्रियांच्या १२ टक्के गाद्यांमध्ये झीज दिसली, तर साठीनंतर हे प्रमाण ८६ आणि ८९ टक्के झाले. २०१५ मध्ये तिथेच १,२०० हून अधिक निरोगी लोकांच्या तपासणीत ८७ टक्क्यांहून अधिक जणांत कुठे ना कुठे गादी बाहेर आलेली आढळली. केस पांढरे होणे आणि गाद्या झिजणे यांत फार अंतर नाही.

मग पाहायचे काय? अहवालात मज्जारज्जूविषयी लिहिलेले वाक्य शोधावे. ‘कॉर्ड कॉम्प्रेशन’ म्हणजे मज्जारज्जू दाबला गेला आहे. ‘कॉर्ड सिग्नल चेंज’ किंवा ‘मायलोमलेशिया’ म्हणजे दाबामुळे मज्जारज्जूच्या आत बदल झाल्याची शक्यता आहे, आणि हा शब्द दिसला तर भेट पुढच्या महिन्यावर ढकलू नये. ‘फोरामिनल नॅरोइंग’ म्हणजे तंतू बाहेर पडण्याचे छिद्र अरुंद झाले आहे. ते डावीकडे आहे की उजवीकडे, आणि दुखणाऱ्या हाताशी जुळते का, हे पाहावे. छिद्र उजवीकडचे अरुंद आणि मुंग्या डाव्या हाताला असतील तर कारण दुसरीकडे शोधावे लागते, कदाचित मनगटात. चित्र स्वतः पाहायचे असेल तर एमआरआयच्या ‘टी-२’ नावाच्या चित्रात मज्जारज्जू करड्या पट्ट्यासारखा दिसतो आणि त्याच्या पुढे-मागे पाण्याची पांढरी रेघ असते. ती पांढरी रेघ दोन्ही बाजूंनी अखंड असेल तर मज्जारज्जूला तिथे मोकळी जागा आहे असे समजावे. सासूबाईंच्या चित्रात सी-५ आणि सी-६ जवळ ती रेघ पुढूनही नव्हती आणि मागूनही नव्हती.

पायरी पाचवी: बाकाचा मज्जासंस्थेशी खरा संबंध

बाकाला काहीच महत्त्व नाही, असे मात्र मुळीच समजू नये. रांग सरळ होण्याच्याही पुढे जाऊन उलटी वळली, म्हणजे मान पुढे कमानीसारखी झुकली, आणि त्यातच नळी अरुंद असली, तर विहिरीच्या काठावरून ताणलेल्या दोराप्रमाणे मज्जारज्जू मणक्यांच्या मागच्या कडांवर ताणला जातो. त्याच्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि इजा वाढते. शस्त्रक्रिया पुढून करायची की मागून, हे ठरवताना शल्यचिकित्सक म्हणूनच बाक पाहतात. उलट्या बाकात केवळ मागून जागा मोकळी केली तर मज्जारज्जू मागे सरकून सुटेलच, याची खात्री नसते. २०१२ च्या एका अभ्यासात मानेचे मणके जोडण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये असे दिसले की दुसऱ्या मणक्यातून सोडलेला ओळंबा सातव्या मणक्याच्या मागच्या कोपऱ्यापासून सुमारे ४० मिलिमीटरहून पुढे पडत असेल तर त्रास अधिक राहतो. हे माप शस्त्रक्रियेच्या रुग्णांचे आहे. संगणकापुढे बसून मान आखडलेल्या तरुणाला ते लावू नये.

मोबाइलकडे पाहताना मानेवर २७ किलो भार येतो, हे वाक्य सगळीकडे फिरते. ते २०१४ मध्ये अमेरिकेतील एका शल्यचिकित्सकाने संगणकीय प्रारूपावर, डोके ६० अंश पुढे वाकलेले धरून, केलेल्या हिशेबातून आले आहे. प्रत्यक्ष माणसांच्या मज्जासंस्थेला इजा झाल्याचे त्यात दाखवलेले नाही. मान फार वेळ वाकवून ठेवू नये हे बरोबर, पण त्यासाठी फोटो काढण्याची गरज नाही.

पहिला मणका ‘जागेवर बसवला’ की रक्तदाब, पचन, झोप आणि प्रतिकारशक्ती सुधारते, असेही दावे केले जातात. रक्तदाबाबाबत २००७ मध्ये अवघ्या ५० रुग्णांवर एक छोटी चाचणी झाली होती. तेवढ्या आधारावर रक्तदाबाच्या गोळ्या बंद करणे जिवावर बेतू शकते. फोटो दाखवून ‘मणका दोन अंश तिरका आहे, चाळीस बैठका लागतील’ असे कोणी सांगितले तर पैसे भरण्याआधी वरच्या हनुवटीच्या गोष्टीची आठवण ठेवावी. डोके किंचित वळले तरी दोन अंश सहज बदलतात.

मालिश करून मान ‘चटकवून’ देणारे पहलवान आणि केशकर्तनालये आपल्या शहरात जागोजागी आहेत. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या सहाव्या मणक्यापासून पहिल्यापर्यंत मणक्यांच्याच छिद्रांतून वर जातात. झटक्याने मान पिरगळल्यास क्वचित या धमनीचे अस्तर फाटते आणि पक्षाघात होतो. हे क्वचित घडते, पण घडते तेव्हा तरुण माणसालाही घडते. डोक्याला तेल लावून घ्यावे, चंपी करून घ्यावी, मान मात्र कोणालाही पिरगळू देऊ नये. मज्जारज्जूला आधीच जागा कमी असेल तर हा धोका पत्करण्याचा विचारही करू नये.

पायरी सहावी: अहवाल घेऊन कोणाकडे जावे

पहिल्यांदा ज्यांनी फोटो सांगितला त्यांच्याकडेच जावे आणि एकच प्रश्न नेमका विचारावा: ‘माझ्या लक्षणांशी यातली कोणती गोष्ट जुळते?’ काहीच जुळत नसेल तर फिजिओथेरपिस्टकडून मानेच्या आणि पाठीच्या वरच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्यावेत आणि ते चालू ठेवावेत. गळ्यातला पट्टा डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपलीकडे वापरू नये, कारण त्याने स्नायू दुबळे होतात. मज्जारज्जूवर दाब असल्याचे लिहिले असेल तर मेंदूविकार शल्यचिकित्सक किंवा मणक्याचे शल्यचिकित्सक यांच्याकडे जावे. खर्चाची अडचण असेल तर एम.वाय.सारख्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातून सुरुवात करावी; सकाळी लवकर जावे आणि चित्रांची सीडीही बरोबर ठेवावी, नुसता छापील अहवाल पुरत नाही. मध्यम किंवा तीव्र मायलोपॅथीत सर्वसाधारणपणे शस्त्रक्रियेचाच सल्ला दिला जातो. तिचा पहिला हेतू बिघाड पुढे सरकू न देणे हा असतो, आणि झालेले नुकसान किती भरून निघेल हे दाब किती काळ होता यावर बरेचसे ठरते.

सौम्य दाब असेल आणि डॉक्टरांनी ‘लक्ष ठेवू’ असे म्हटले असेल तर ते लक्ष घरातल्यांनीच ठेवायचे असते. आठवड्यातून एक दिवस ठरवून मूठ मिटण्या-उघडण्याचा दहा सेकंदांचा आकडा, हूक लावायला लागलेला वेळ आणि जिना उतरताना आधार लागला का, एवढे लिहून ठेवावे. सासूबाईंच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गुरुवारच्या चौकटींत हे आकडे अजून आहेत. शस्त्रक्रियेआधीच्या शेवटच्या गुरुवारी ११ आहे आणि त्यानंतर आठ महिन्यांनी १७. फुलवाती त्यांना अजून घट्ट वळता येत नाहीत, म्हणून त्या आता लांब वाती करतात आणि फुलवाती माझ्याकडून वळून घेतात.